वाचकांची प्रश्नोत्तरे : रेड बंद पडल्यावर पहिला हात कशाला लावावा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामासाठी लागणारे पॅटर्न तयार करण्याचे आमचे छोटे वर्कशॉप आहे. गेल्या ११ वर्षांची सर्व ड्रॉइंग एका डेबियन सर्व्हरवर आहेत. त्यात ४ टेराबाइटच्या चार डिस्क असून त्यांची लिनक्समधील सॉफ्टवेअर रेड-५ केलेली आहे, म्हणजे चार डिस्क मिळून एकच साठवण (ॲरे), जिच्यात एक डिस्क गेली तरी डेटा राहतो. जूनच्या पहिल्या वळवाच्या रात्री वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. त्यानंतर ‘एसडीसी’ ही डिस्क ॲरेमधून बाहेर पडली असावी, पण काम सुरळीत चालू असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. पंधरा दिवसांनी ‘एसडीबी’ही बाहेर पडली आणि सर्व्हरवरील फोल्डर दिसेनासे झाले. आता रेडची स्थिती दाखवणाऱ्या ‘एमडीस्टॅट’मध्ये ॲरेपुढे ‘इनॲक्टिव्ह’ असे येते आणि चारही डिस्कच्या मागे कंसात ‘एस’ हे अक्षर दिसते. आमच्याकडे संगणक दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो की ‘क्रिएट’ची आज्ञा देऊन ॲरे पुन्हा तयार करू, डेटा आपोआप दिसेल. त्याने प्रत्येक डिस्कवरील रेडची नोंद दाखवणारे ‘एक्झॅमिन’ करून घेतलेले आकडे असे आहेत : ‘एसडीए’ आणि ‘एसडीडी’ यांचे इव्हेंट १८४३१२, ‘एसडीबी’चे १८४३०५ आणि ‘एसडीसी’चे १७१०२०. आम्ही काय करावे?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : आपण पाठवलेल्या चार आकड्यांवरून सांगतो की आपली ड्रॉइंग बहुतेक सर्व परत मिळण्यासारखी आहेत, मात्र ‘क्रिएट’ची आज्ञा अद्याप दिली गेली नसावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. त्या मुलाचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण रेड बंद पडल्यावर डेटाचे जे नुकसान होते त्यातले पुष्कळसे डिस्क बिघडल्यामुळे होत नाही, तर त्यानंतरच्या पहिल्या तासाभरात घाईने दिलेल्या आज्ञांमुळे होते. ‘क्रिएट’ ही त्यातली सर्वांत महागात पडणारी आज्ञा आहे, म्हणून आधी तिच्याविषयीच लिहितो.

रेडमधील प्रत्येक डिस्कच्या आरंभाजवळ एक छोटी नोंद असते, तिला सुपरब्लॉक म्हणतात. आजकाल सर्रास आढळणाऱ्या १.२ या आवृत्तीत ती आरंभापासून ४ किलोबाइट अंतरावर असते. ही डिस्क कोणत्या ॲरेची आहे, त्यात तिचा क्रमांक कितवा, डेटाचे तुकडे किती मोठे आहेत आणि प्रत्यक्ष डेटा डिस्कवर कोठून सुरू होतो, हे सर्व त्या नोंदीत असते. ‘क्रिएट’ म्हणजे ही जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लिहिणे. नवी नोंद जुनीशी तंतोतंत जुळेल याची खात्री नसते, कारण डेटा सुरू होण्याची जागा रेड हाताळणाऱ्या ‘एमडीएडीएम’ या प्रोग्रामच्या आवृत्तीगणिक बदलत आली आहे आणि तुकड्याचा आकारही, जो पूर्वी आपोआप ६४ किलोबाइट धरला जात असे, तो ३.१ या आवृत्तीपासून ५१२ किलोबाइट धरला जातो. चार डिस्कचे क्रम २४ प्रकारे लावता येतात आणि त्यांपैकी बरोबर एकच असतो. एवढ्यावर भागत नाही. रेड-५ नव्याने तयार करताना ‘एमडीएडीएम’ शेवटची डिस्क रिकामी समजून उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर नव्याने लिहू लागते. म्हणजे क्रम चुकलेला असेल तर त्या एका डिस्कवरील खरा डेटा मिनिटागणिक नाहीसा होत जातो, आणि पडद्यावर मात्र टक्के वाढताना पाहून काम नीट चालले आहे असे वाटते.

आता आपल्या आकड्यांकडे वळू. इव्हेंटचा आकडा हा रोजमेळातील नोंदीच्या क्रमांकासारखा असतो. ॲरे सुरू झाली, बंद झाली, एखादी डिस्क गळाली, लिहिण्याचे काम सुरू झाले किंवा संपले, अशा प्रत्येक प्रसंगी हजर असलेल्या सर्व डिस्कवर तो एकाच वेळी पुढे सरकतो. चार कारकून एकच वही चार प्रतींत लिहीत असावेत आणि त्यांतला एक मध्येच उठून गेला, तर त्याच्या वहीतील शेवटच्या क्रमांकावरून तो केव्हा उठला ते कळते. ‘एसडीसी’ तेरा हजारांहून अधिक नोंदींनी मागे आहे. ती वळवाच्या रात्रीच गेली आणि तिच्यावरील मजकूर पंधरा दिवसांपूर्वीचा आहे. ‘एसडीबी’ मात्र केवळ सात नोंदींनी मागे आहे. ती अगदी शेवटच्या क्षणी बाहेर पडली आणि तिच्यावरील डेटा जवळजवळ ताजा आहे. रेड-५ला चारपैकी तीन डिस्क पुरतात, कारण चौथीवरील मजकूर उरलेल्या तिघींच्या बेरजेसारख्या गणितातून काढता येतो. तेव्हा आपल्याला ‘एसडीए’, ‘एसडीबी’ आणि ‘एसडीडी’ या तिघींना एकत्र आणायचे आहे आणि ‘एसडीसी’ला या कामापासून पूर्णपणे दूर ठेवायचे आहे. चारही डिस्कच्या मागे दिसणाऱ्या ‘एस’ला घाबरू नये. ॲरे सुरूच न झाल्यामुळे सर्वच डिस्क तूर्त स्पेअर (राखीव) म्हणून दाखवल्या जात आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हातात कागद घेऊन सुरुवात करावी. सर्व्हर बंद करून प्रत्येक डिस्कवरील चिकटपट्टीवरचा सीरियल क्रमांक, ती कोणत्या केबलला आणि कोणत्या खणात आहे हे लिहून काढावे. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे कायमची नसतात. एखादी केबल हलवली किंवा एखादी डिस्क उशिरा जागी झाली तरी ती बदलतात, सीरियल क्रमांक मात्र बदलत नाही. नंतर चारही डिस्कच्या ‘एक्झॅमिन’चा पूर्ण मजकूर पेन ड्राइव्हवर जतन करावा आणि त्याची छापील प्रतही काढावी. आपण मला चारच आकडे कळवले आहेत, पण त्या मजकुरातील डेटा सुरू होण्याची जागा, तुकड्याचा आकार, मांडणीचे नाव आणि डिस्कचा क्रमांक या चार गोष्टी पुढे कधी वेळ आलीच तर ड्रॉइंगइतक्याच मोलाच्या ठरतील.

त्यानंतर ‘स्मार्टसीटीएल’ने प्रत्येक डिस्कची प्रकृती पाहावी. त्या लांबलचक तक्त्यातील दोन ओळी विशेष महत्त्वाच्या आहेत. १९७ क्रमांकाच्या ओळीत, वाचता न आलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या सेक्टरांची संख्या असते. ती शून्याहून अधिक असेल तर डिस्कचा पृष्ठभाग बिघडू लागला आहे असे समजावे. १९९ क्रमांकाच्या ओळीत डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या दरम्यान, वाटेत बिघडलेल्या मजकुराची संख्या असते. हा आकडा वाढलेला असेल आणि १९७ शून्य असेल तर बहुधा डिस्कचा काही दोष नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो. खानापूर तालुक्यातील एका शाळेचा सर्व्हर मी काही वर्षांपूर्वी पाहिला होता. तेथे एकच डिस्क दर पावसाळ्यात ॲरेमधून गळत असे आणि शाळेने दोन वेळा नवी डिस्क घेतलीही होती. सॅटा केबल काढून उजेडात धरली तेव्हा तिच्या टोकावरचे सोनेरी पट्टे दमटपणामुळे काळपट पडलेले दिसले आणि धरून ठेवणारी पत्र्याची छोटी खिटी वाकलेली होती. साधी नवी केबल लावल्यावर तीच डिस्क पुढे व्यवस्थित चालली. म्हणून डिस्क खराब ठरवण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. मात्र एखाद्या डिस्कमधून टक-टक असा नियमित आवाज येत असेल तर तिला वीज देणे तत्काळ बंद करावे आणि ती पुणे किंवा बंगळूर येथील डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी, कारण तेथून पुढचे काम घरी करण्यासारखे नसते.

आवाज नसेल तर पुढची पायरी म्हणजे प्रती काढणे. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ आणि ‘एसडीडी’ या तिन्हींच्या नव्या डिस्कवर हुबेहूब प्रती काढाव्यात; नवी डिस्क तेवढ्याच आकाराची किंवा मोठी असावी. तीन डिस्क विकत घेण्याचा खर्च आपल्याला जड वाटेल याची मला कल्पना आहे. तिन्ही शक्य नसतील तर किमान ‘एसडीबी’ची आणि १९७ची ओळ शून्य नसलेल्या डिस्कची तरी प्रत काढावीच. बेळगावात एवढ्या डिस्क लगेच मिळाल्या नाहीत आणि त्या हुबळी-कोल्हापूरहून मागवाव्या लागल्या तर दोन दिवस सर्व्हर बंद राहू द्यावा. बंद पडून राहिलेल्या डिस्कवरील डेटा दोन दिवसांत कोठेही जात नाही. प्रतीसाठी ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे, साधे ‘डीडी’ नव्हे. ‘डीडीरेस्क्यू’ आधी सहज वाचता येणारा भाग घेऊन टाकते, अडणाऱ्या जागा मागे ठेवते आणि कोठवर काम झाले याची नोंद एका वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवते. सेकंदाला १५० मेगाबाइट या गतीने ४ टेराबाइटची एक डिस्क उतरवायला साधारण साडेसात तास लागतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात एवढा वेळ वीज अखंड राहीलच असे नाही. मॅप फाइल असल्यामुळे वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू करता येते. ती फाइल सर्व्हरच्या रेडवर नव्हे तर पेन ड्राइव्हवर ठेवावी, आणि आज्ञेत मूळ डिस्क आधी व नवी डिस्क नंतर आहे हे एंटर दाबण्यापूर्वी सीरियल क्रमांकाशी ताडून दोघांनी मिळून पाहावे.

प्रती तयार झाल्या की मूळ डिस्क काढून कपाटात ठेवाव्यात आणि पुढचे सर्व काम प्रतींवर करावे. येथेही एक काळजी आणखी घ्यावी असे मी सुचवीन. आपल्या वर्कशॉपमध्ये मूळ ड्रॉइंगवर खुणा करायच्या नसतील तेव्हा त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवतात. तशीच सोय ‘डीएमसेटअप’च्या स्नॅपशॉटने डिस्कसाठी करता येते. प्रत्येक डिस्कवर एक आच्छादन तयार होते, वाचताना खालची डिस्क दिसते आणि लिहिलेला प्रत्येक बदल मात्र वेगळ्या फाइलमध्ये जातो. प्रयोग फसला तर आच्छादन टाकून द्यावे आणि नवे घ्यावे. ज्यांना सर्व डिस्कच्या प्रती काढणे परवडत नाही त्यांना तर याच आच्छादनाचा मुख्य आधार असतो.

आता ॲरे जोडण्याची वेळ आली. अर्धवट उभी राहिलेली ‘इनॲक्टिव्ह’ ॲरे डिस्क अडवून बसते, म्हणून आधी ती ‘स्टॉप’ने थांबवावी. मग ‘एमडीएडीएम’ला ‘असेंबल’ आणि ‘फोर्स’ हे दोन शब्द देऊन, ‘एसडीसी’ वगळून, वरील तीन डिस्कच्या आच्छादनांची नावे स्पष्ट लिहून आज्ञा द्यावी. ‘फोर्स’ सात नोंदींचा फरक मान्य करून ‘एसडीबी’च्या सुपरब्लॉकमधील आकडा पुढे सरकवते आणि ॲरे एक डिस्क कमी असलेल्या अवस्थेत सुरू होते. येथे सुपरब्लॉकवर लिहिले जाते, आच्छादनाचा आग्रह मी धरला तो याचसाठी. यश आले तर ‘एमडीस्टॅट’मध्ये तीन ‘यू’ आणि तिसऱ्या जागी खालची रेघ दिसेल. चौथी डिस्क लगेच जोडू नये.

त्यानंतरही फाइल सिस्टिम थेट माउंट करू नये, म्हणजे नेहमीसारखी वापरासाठी उघडू नये. केवळ वाचण्यापुरती माउंट करावी आणि तीही जर्नल (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंदवही) न चालवता. म्हणजे ‘ईएक्सटी४’ असेल तर ‘आरओ’ आणि ‘नोलोड’, ‘एक्सएफएस’ असेल तर ‘आरओ’ आणि ‘नोरिकव्हरी’. फोल्डर दिसू लागताच दुरुस्तीच्या मागे न लागता सर्व ड्रॉइंग दुसऱ्या, स्वतंत्र डिस्कवर उतरवून घ्यावीत. माउंट झालीच नाही तर फाइल सिस्टिम तपासणारे ‘एफएससीके’ (‘एक्सएफएस’ असेल तर ‘एक्सएफएस रिपेअर’) आधी ‘एन’ हा पर्याय देऊन चालवावे, म्हणजे ते काहीही न बदलता दोष फक्त सांगेल. दोषांची यादी पानेच्या पाने येऊ लागली तर दुरुस्तीला होकार देऊ नये. अशा वेळी चुकीची डिस्क किंवा चुकीचा क्रम घेतला गेला असण्याची शक्यता मोठी असते. होकार दिल्यास काय होते ते मी पाहिले आहे. हजारो फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि त्यांना नाव म्हणून केवळ एक आकडा उरतो. मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत काळजीपूर्वक दिलेली नावे, गिऱ्हाइकाचे नाव, पॅटर्नचा क्रमांक, सर्व नाहीसे होते. मग एकेक फाइल उघडून हे पंपाचे आवरण की गिअरची पेटी हे माणसाला बसून ओळखावे लागते.

सात नोंदींच्या त्या अवधीत जी फाइल जतन होत होती ती अर्धवट असू शकते. ॲरे बंद पडली त्या दिवशी काम केलेली ड्रॉइंग वेगळी काढून उघडून पाहावीत. जुन्या फाइलींची मला चिंता वाटत नाही. सर्व हाती आल्यावर ॲरे नव्याने बांधावी आणि त्या वेळी रेड-६चा विचार जरूर करावा. चार डिस्कमध्ये जागा १२ऐवजी ८ टेराबाइट मिळेल, पण कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी ॲरे चालू राहील. एवढ्या मोठ्या डिस्कच्या रेड-५मध्ये नवी डिस्क भरून घेताना उरलेल्या तिन्ही डिस्क टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे १२ टेराबाइट, वाचाव्या लागतात. साध्या वापराच्या डिस्कसाठी उत्पादक दर १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे, म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाइटमागे, एक न वाचता येणारी जागा ही मर्यादा सांगतात. प्रत्यक्षात पुष्कळ डिस्क याहून चांगल्या निघतात, तरीही ज्या वाचनात एकही चूक परवडत नाही ते वाचन या मर्यादेच्या इतके जवळ नेणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : निपाणीत माझे छायाचित्रणाचे दुकान आहे. रेड-१मधील (दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणाऱ्या जोडणीतील) एक डिस्क दर एक-दोन महिन्यांनी बाहेर पडते. तपासणीत डिस्क ठणठणीत निघते, परत जोडली की चालते. हे कशामुळे होत असावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : केबल पाहिली असेल असे धरून पुढे लिहितो. साध्या वापरासाठी बनवलेल्या काही डिस्क एखादी जागा वाचता आली नाही तर दोन मिनिटांहूनही अधिक वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, मात्र उत्तरासाठी सहसा ३० सेकंद थांबतो आणि मग डिस्क प्रतिसाद देत नाही असे समजून जोडणीच नव्याने सुरू करू पाहतो. त्या गडबडीत ॲरे डिस्कला बाहेर काढते. खरे तर डिस्कने वेळेवर ‘वाचता येत नाही’ एवढे सांगितले असते तर रेडने दुसऱ्या डिस्कवरून तो मजकूर घेऊन बिघडलेल्या जागी पुन्हा लिहिला असता आणि प्रकरण तेथेच मिटले असते.

‘स्मार्टसीटीएल’च्या ‘एससीटीईआरसी’ या पर्यायाने डिस्कची ही मर्यादा पाहता येते. ती बदलता येत असेल तर वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठी ७० हा आकडा द्यावा, म्हणजे ७ सेकंद. अनेक डिस्क वीज गेल्यावर हा आकडा विसरतात, म्हणून सर्व्हर सुरू होताना ही आज्ञा दर वेळी आपोआप दिली जाईल अशी व्यवस्था करावी. डिस्कमध्ये ही सोयच नसेल तर उलट बाजूने जाऊन कर्नलची त्या डिस्कपुरती वाट पाहण्याची मुदत ३०वरून १८० सेकंद करावी. पुढची डिस्क घेताना एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणारी, म्हणजे ‘एसएमआर’ प्रकारची, नाही ना हे दुकानदाराला विचारून घ्यावे. तशा डिस्क सलग मोठे लेखन करताना अतिशय मंदावतात.

प्रश्न : खानापूरकडील आमच्या वाचनालयात जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने रेड-५वर आहेत. पावसाळ्यात वीज गेली की दर वेळी ‘रिसिंक’ (सर्व डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवून घेण्याचे काम) सुरू होते आणि दिवसभर सर्व्हर मंद चालतो. हे थांबवता येईल का? आणि रेड असताना वेगळी प्रत ठेवण्याची आवश्यकता आहे का?
— एक वाचनालय कार्यकर्ता, खानापूर तालुका

उत्तर : वेगळी प्रत हवीच. चुकून पुसलेले पान रेड तत्परतेने सर्व डिस्कवरून पुसते, म्हणून एक प्रत वाचनालयाबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावी, असू द्यावी.

रिसिंकबद्दल सांगायचे तर ॲरेला अंतर्गत बिटमॅप जोडलेला दिसत नाही. ‘एमडीएडीएम’च्या ‘ग्रो’ आज्ञेने तो चालू ॲरेलाही जोडता येतो. कोणत्या भागात लिहिणे चालू होते याची त्यात खूण राहते, त्यामुळे वीज परत आल्यावर संपूर्ण डिस्कऐवजी तेवढाच भाग तपासला जातो आणि दिवसभराचे काम बहुधा काही मिनिटांवर येते. तरी वीज अचानक जाणे रेड-५ला बाधक आहे, कारण डेटा लिहिला गेला आणि त्याची पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा मजकूर काढण्यासाठी ठेवलेले गणित) लिहायची राहिली असे त्या क्षणी घडू शकते. नंतर एखादी डिस्क गेलीच तर त्या जागचा मजकूर चुकीचा काढला जातो. यूपीएस सर्व्हरला यूएसबी केबलने जोडून, बॅटरी उतरू लागताच सर्व्हर स्वतःहून बंद होईल अशी व्यवस्था करावी. यूपीएस आहे पण ती केबल डब्यातच पडून आहे, असे मी सीमाभागातील अनेक कचेऱ्यांत पाहिले आहे.

उद्यमबागेच्या वाचकांना पंधरा दिवस जे कळले नाही ते आपल्याला त्याच दिवशी कळावे यासाठी ‘एमडीएडीएम’च्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मेलॲड्र’ या शब्दापुढे रोज उघडला जाणारा ईमेल पत्ता लिहावा. सर्व्हरवरून मेल बाहेर जाते की नाही हे पाहण्यासाठी ‘मॉनिटर’, ‘टेस्ट’ आणि ‘वनशॉट’ हे तीन पर्याय एकत्र देऊन चाचणीचा निरोप पाठवावा आणि तो आलेला डोळ्यांनी पाहावा. पत्ता लिहिला म्हणजे निरोप येतोच असे नाही. डेबियनमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्व डिस्क वाचून पाहण्याची योजना मुळातच असते, पण रविवारी वाचनालय बंद म्हणून सर्व्हरही बंद ठेवला जात असेल तर ती तपासणी होत नाही. तसे असल्यास तिचा वार बदलून घ्यावा.